जुन्या लाकडावरील रंगांचे थर

या व्यासपीठावरून आजवर तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय मांडले गेले आहेत. अशा ठिकाणी जुन्या कपाटाला रंग कसा द्यावा हे सांगायला उभे राहणे म्हणजे थोरांच्या पंगतीत कोपऱ्यातला पाट मागून घेण्यासारखे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही. त्यात थोडे रसायनशास्त्र आहे, थोडी सौंदर्यदृष्टी आहे आणि शेवटी मुलाबाळांच्या प्रकृतीचा प्रश्नही आहे. तो शेवटचा भाग आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीतून शिकलो. तेव्हा ते सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जुने लाकडी सामान थोडेफार असतेच. आजोबांचे लिहिण्याचे मेज असते, देवघरातले लहानसे कपाट असते, माळ्यावर टाकलेला पाळणा असतो. सागवानाची ही कामे सुताराने सांधे साधून, खुंट्या ठोकून केलेली असतात आणि शंभर वर्षे सहज टिकतात. लाकूड शाबूत असते. विटलेला असतो तो त्यावरचा रंग. तरीही आपण ती वस्तू जुन्या बाजारात मातीमोलाने देतो आणि तिच्या जागी भुशाच्या दाबीव फळ्यांचे सामान आणतो. दोन पावसाळे गेले की ते फुगते. म्हणून जुन्या वस्तूला रंग देऊन पुन्हा वापरात आणणे ही हौसही आहे आणि शहाणपणही आहे.

हे काम करू इच्छिणाऱ्याने दोन प्रकारचे थर ओळखायला हवेत. एक, आपण जे देणार ते. दुसरे, जे आधीपासून तेथे आहेत ते. पहिल्यांविषयी आधी बोलू.

रंग म्हणजे रंगीत पूड आणि तिला धरून ठेवणारे द्रव्य. ही पूड तेलात, लाखेत, सरसात, दुधातील केसीनमध्ये किंवा आजच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगांप्रमाणे कृत्रिम राळेच्या सूक्ष्म कणांत धरलेली असते. आपल्याकडच्या जुन्या सामानावर बहुधा जवसाच्या तेलातला रंग असतो. ओले धोतर वाळते तसा हा रंग वाळतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. टर्पेंटाइन उडून जाते हे खरे, पण तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याची घट्ट, लवचिक कातडी बनते. वाळताना जवसाच्या तेलाचे वजन वाढते, ते यामुळेच.

या एका गोष्टीवरून रंगाऱ्याचे निम्मे नियम आपोआप निघतात. प्राणवायू वरून आत शिरतो. म्हणून रंगाचा हात जाड दिला तर वरची साय आधी धरते, खालचा रंग ओलाच राहतो आणि पृष्ठभाग सुरकुततो. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, असे जुने रंगारी म्हणत, त्याचे कारण हे. मागचा हात पुरा वाळण्याआधी पुढचा देऊ नये, त्याचेही कारण हेच. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, यामागेही तेच रसायन आहे. प्राणवायू घेताना तेल उष्णता सोडते. चोळामोळा केलेल्या फडक्यात ती कोंडते आणि काडी न ओढता आग लागू शकते. ती फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

दुसरा नियम असा की आधी रूक्ष, मग स्निग्ध. खालच्या थरात तेल कमी आणि टर्पेंटाइन जास्त असावे. वरच्या थरात तेलाचे प्रमाण वाढत जावे. लाकूड जिवंत नसले तरी स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात ते आडवे फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरचा थर खालच्यापेक्षा ताठर असेल तर तो या हालचालीत तडकतो. लवचिक असेल तर सांभाळून घेतो. घर बांधताना पाया घट्ट आणि वरचे छप्पर हलके ठेवतात, तशीच ही व्यवस्था आहे.

आता प्रत्यक्ष कृतीचा क्रम सांगतो. प्रथम धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने वस्तूवरचा मळ, धूर आणि तेलकटपणा काढावा आणि स्वच्छ पाण्याने पुसून ती दोन दिवस सावलीत वाळू द्यावी. सागवानात स्वतःचे तेल असते. त्यामुळे त्यावरचा तेलरंग लवकर वाळत नाही. जेथे लाकूड उघडे पडले असेल तेथे स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावे. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यावा. लाख जवळजवळ कशालाही धरते आणि जवळजवळ काहीही तिला धरते. शिवाय खालचे डाग वर फुटू देत नाही. त्यानंतर अस्तराचा हात. अस्तर वाळल्यावर भेगा आणि खिळ्यांची छिद्रे लांबीने भरावीत, बारीक पॉलिश कागदाने सपाट करावीत आणि मग रंगाचे हात सुरू करावेत. आधी लांबी आणि मग अस्तर असा उलटा क्रम केला तर कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि लांबी सुटी होऊन गळते.

ऋतूही पाहावा लागतो. माघापासून वैशाखापर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. पावसाळ्यात लाखेचे पॉलिश दिले तर त्यावर पांढरट धुके येते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते, त्याचा हा परिणाम. मात्र उन्हाळा आहे म्हणून वस्तू भर उन्हातही ठेवू नये, फोड येतात.

एवढे केले म्हणजे वस्तू नीट रंगली. ती सुंदर दिसेलच असे नाही. एकाच सपाट रंगाचे कपाट सरकारी कचेरीतल्यासारखे दिसते. जुन्या वस्तूला शोभा येते ती एका रंगाखालून दुसरा रंग डोकावू लागला म्हणजे. यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग पारदर्शक थराचा. गुजरातेतील संखेडा येथले लाकडी झोपाळे आणि आसने पुष्कळांनी पाहिली असतील. त्यावरची नक्षी सोनेरी दिसते, पण तेथे सोने नसते. कथिलाच्या रंगाने नक्षी काढतात आणि तिच्यावर लाखेचा थर चढवून घोटतात. पांढरी चमक पिवळसर लाखेतून बाहेर येताना सोन्याची होते. आपणही घरी हे तत्त्व वापरू शकतो. फिकट पिवळ्या रंगाच्या हातावर, तो पुरता वाळल्यानंतर, रोगणात थोडासा तपकिरी रंग घालून अगदी पातळ हात द्यावा आणि ओला असतानाच फडक्याने पुसून घ्यावा. कोरीव भागांच्या खाचांत तो राहतो, उंचवट्यांवरून निघून जातो आणि नक्षी उठून दिसते.

दुसरा मार्ग वरचा थर काढून खालचा दाखवण्याचा. सिंधमधील हाला हे गाव लाखकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथले कारागीर कातीव लाकडावर लाखेचे निरनिराळ्या रंगांचे थर एकावर एक चढवतात आणि मग टोकदार हत्याराने कोरतात. जेवढे खोल कोरावे त्याप्रमाणे त्या त्या थराचा रंग प्रकट होतो. घरगुती कामात एवढे कौशल्य नको. समजा, खाली गेरूसारखा तांबडा आणि वर गर्द हिरवा रंग द्यायचा आहे. तांबडा पुरता वाळू द्यावा. जेथे तो दिसावा असे वाटते तेथे साध्या मेणबत्तीचा तुकडा घासावा. मग हिरवा रंग द्यावा. मेणावर तो धरत नाही. एक-दोन दिवसांनी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश कागदाने हलके घासले की त्या ठिकाणचा हिरवा निघतो आणि तांबडा दिसू लागतो. सुटे मेण पुसून घ्यावे आणि शेवटी सगळ्यावर रोगणाचा हात द्यावा.

येथे विवेक हवा. हा झिजलेपणा कोठे दाखवावा? जेथे हात खरोखर लागतो तेथे. खुर्चीच्या हातांची टोके, खणाच्या मुठीभोवतालची जागा, मेजाची पुढची कड, पाय ठेवण्याची दांडी. कपाटाच्या मागच्या फळीवर कोणी हात फिरवीत नाही. तेथे झिजवलेला रंग पाहणाऱ्याला खोटा वाटतो, मग त्याला कारण सांगता येवो अगर न येवो. आणखी एक. काही वस्तूंना रंग देऊच नये. शिसवी लाकूड, जुन्या मुंबईच्या घडणीचे कोरीव काळे आसन, ज्याचे लाखेचे पॉलिश अजून शाबूत आहे असे सागवानी कपाट, यांवर तेलरंग फासणे हा अविचार होय. त्यांना फडके आणि थोडे पॉलिश पुरे.

आता आधीच असलेल्या थरांविषयी. येथे आम्हांला आमच्या घरात शिरावे लागेल.

आमच्या माळ्यावर एक पाळणा होता. सागवानी, चार कातीव खांबांचा, गजांचा कठडा असलेला. आमचे वडील त्यात वाढले, आम्ही वाढलो, आमची मुले वाढली. प्रत्येक बारशापूर्वी त्याला रंगाचा एक हात मिळे, ही घरची रीत. काही वर्षांपूर्वी आमची थोरली मुलगी दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्याबरोबर तिचा तीन वर्षांचा मुलगा होता. आम्ही नुकतेच निवृत्त झालो होतो. पाळणा खाली काढला, ओसरीवर ठेवला आणि पॉलिश कागद घेऊन घासायला बसलो.

घासता घासता एका खांबावर रंगांची वर्तुळे उमटली. वर फिकट निळा, त्याखाली गुलाबी, मग साईसारखा पिवळट, मग हिरवा आणि तळाशी शेंदरी. आम्ही नातवाला जवळ बोलावून दाखवले, हा तुझ्या आईचा रंग, हा आजोबांचा, हा पणजोबांचा. त्याला गंमत वाटली. तो तेथेच पाळण्याखाली बसून पडलेल्या भुकटीत बोटाने रेघोट्या ओढू लागला. असे चार दिवस चालले.

चौथ्या दिवशी आळीतले एक वृद्ध रंगारी रस्त्याने जात होते. ते थबकले, पायरीशी आले आणि म्हणाले, "मास्तर, कोरडे घासू नका. जुना सफेदा आहे यात. आणि ते पोर तेवढे आधी उचला तिथून."

येथे एक कबुली द्यावयास हवी. आम्ही तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट, शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड, पिवळा रंग म्हणजे शिशाचे क्रोमेट, ही सूत्रे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिली असतील याची गणती नाही. परंतु फळ्यावरचे शिसे आणि आपल्या पाळण्यावरचे शिसे एकच, हे आम्हांला एका रंगाऱ्याने सांगावे लागले.

नातवाचे रक्त तपासून घेतले. त्यात शिसे असायला नको तेवढे निघाले. डॉक्टरांनी धीर दिला. औषध देण्याइतके ते प्रमाण नव्हते. मूळ कारण दूर करा, घर ओल्या फडक्याने पुसा, मुलाच्या आहारात लोह आणि कॅल्शियम नीट असू द्या आणि पुन्हा तपासा, असे त्यांनी सांगितले. मुलीचेही रक्त तपासले, कारण गर्भवतीच्या रक्तातले शिसे वारेतून गर्भाकडे जाते. ते ठीक निघाले. नातवाचे प्रमाण उतरायला कित्येक महिने लागले. त्या महिन्यांत घरात कोणी आम्हांला एका शब्दाने बोलले नाही, आणि तेच आम्हांला जड गेले.

त्यानंतर आम्ही जे वाचले ते थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांना शिशाची विषबाधा होत असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. पण शिसे येते कोठून हे कळेना. १९०४ मध्ये लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्याकडे बोट दाखवले. उन्हाने रंगाची भुकटी होते, मुले कठड्याला धरून खेळतात आणि तीच बोटे तोंडात घालतात. ही हकीकत वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आमची ओसरी उभी राहिली. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतील रंगकामात सफेद्याचा वापर बंद करण्याचा करार संमत केला. अमेरिकेने घरगुती रंगांत शिशाला १९७८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये असे बंधन आले. म्हणजे त्यापूर्वी रंगवलेली कोणतीही वस्तू, विशेषतः पिवळी, तांबडी, शेंदरी किंवा हिरवी, संशयास्पद मानणे योग्य.

शिसे मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक का बाधते? पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेते. त्यांचा मेंदू घडत असतो आणि शिसे नेमके त्या घडणीत अडथळा आणते. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. पुढे शाळेत लक्ष लागत नाही, शिकलेले लवकर राहत नाही, आणि आपण त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की रक्तातल्या शिशाचे निर्धोक म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही.

आमच्या मातुःश्री त्या वेळी हयात होत्या. त्या म्हणाल्या, "याच पाळण्यात तीन पिढ्या वाढल्या, कोणाचे काय वाईट झाले?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर देतो. पाळण्यात निजणारे मूल आणि कठडा चावणारे मूल यांत फरक आहे. अखंड रंग आणि घासून केलेली भुकटी यांत तर त्याहून मोठा फरक आहे. आणि तीन पिढ्यांत कोणाचे काही बिघडले नाही, हे आपण कशावरून म्हणतो? जे मूल थोडे अधिक हुशार होऊ शकले असते ते तसे झाले नाही, याची नोंद कोणाच्या वहीत असणार?

तेव्हा जुन्या रंगलेल्या वस्तूला हात लावण्यापूर्वी काय करावे? शंका असेल तर तपासून घ्यावे. क्ष-किरणांच्या यंत्राने रंगातले शिसे मोजून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. शाळेतल्या प्रयोगशाळेत सोडियम सल्फाइडचा थेंब टाकला तर सफेदा काळा पडतो. पण इतर धातूंनीही रंग गडद होतो, म्हणून या परीक्षेवर सर्वस्वी विसंबू नये. जुना रंग घट्ट असेल तर तो खरवडूच नये. सोड्याने धुऊन, ओल्या कागदाने नावापुरता खरखरीत करून, त्यावर लाखेचा आणि नव्या रंगाचे थर द्यावेत. नवा थर हे जुन्याला घातलेले झाकण होय. कोरडे घासणे आणि ज्योतीने रंग जाळणे, ही दोन्ही कामे वर्ज्य समजावीत. पहिल्याने भुकटी होते, दुसऱ्याने विषारी धूर. सुटे पोपडे असतील तर पाणी शिंपडून, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून, मुले आणि गर्भवती स्त्रिया घरात नसताना काढावेत. नंतर केरसुणीने झाडू नये, भुकटी उडते. ओल्या फडक्याने दोनदा पुसावे आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. ज्या वस्तूला मूल तोंड लावील, म्हणजे पाळणा, पांगुळगाडा, खेळणी, तेथे झाकणावर भरवसा ठेवू नये. दात नव्या थरातून जुन्यात पोहोचतात. तेथे जुना रंग नसलेलीच वस्तू हवी. आणि वर सांगितलेला, वरचा थर घासून खालचा दाखवण्याचा प्रकार तर जुन्या अनोळखी रंगावर कधीही करू नये. आपणच दिलेला खालचा आणि आपणच दिलेला वरचा, अशा दोहोंवरच ती कला चालवावी.

आमच्या पाळण्याचे पुढे काय झाले, हे विचारले जाईल. बारसे झाले. बाळ आजीच्या मऊ लुगड्याच्या झोळीत निजले आणि झोळीत मुले पाळण्यातल्यापेक्षा अधिक शांत निजतात असे मातुःश्रींनीच पुढे कबूल केले. पाळणा आम्ही टाकला नाही. त्या वृद्ध रंगाऱ्यांना बोलावून, त्यांच्या हाताखाली पोऱ्या होऊन, त्याला ओल्या कागदाने साफ केले. लाखेचा हात, अस्तर, तांबडा, वर हिरवा, असे थर दिले. एका खांबाच्या आतल्या बाजूला, आमच्याच हातून उघडी पडलेली ती रंगांची वर्तुळे होती. रंगारी म्हणाले, "मास्तर, एवढी राहू द्या." त्यावर रोगणाचे तीन हात दिले आणि पाळणा बैठकीच्या खोलीत उंच आढ्याला टांगला. कोणाचेही बोट तेथे पोहोचत नाही.

आता नातू शाळेत जातो. अभ्यासात बरा आहे. तो याहून बरा झाला असता का, हा प्रश्न आम्ही त्या पाळण्याकडे पाहून स्वतःला पुष्कळदा विचारतो. उत्तर मिळत नाही. म्हणून एवढेच सांगतो. यंदाच्या सुट्टीत आपण जुने मेज काढाल, रंग आणाल, कुंचला भिजवाल. अवश्य करा, फार आनंदाचे काम आहे. पण कागद हातात घेण्यापूर्वी तो पाण्यात बुडवा आणि पोरांना आधी तेथून उठवा.